कपाटातल्या बागेला दिवा निवडताना

मंडळी, या सभागृहात वही सहज वाचता येईल इतका उजेड आहे. टेबलावरचा हा लक्समीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, ३४० लक्सच्या आसपास दाखवतोय. हाच मीटर भर दुपारी गच्चीवर नेला, तर काटा लाखाच्या घरात जातो. म्हणजे तीनशेपटीचा फरक. आपल्या डोळ्याला तो तेवढा वाटत नाही, कारण बाहुली आकसते आणि बाकीचं मेंदू सांभाळून घेतो. रोपाकडे अशी काही सोय नसते. म्हणून ‘दुकानात लावून बघितला, लख्ख पडला’ हा दिवा निवडायचा निकष होऊ शकत नाही.

रोपाच्या उपयोगाचा प्रकाश म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या लहरी. त्यातले किती मायक्रोमोल (हे प्रकाशकण मोजायचं एकक) प्रकाशकण एका चौरस मीटरवर दर सेकंदाला पडतात, तो आकडा पीपीएफडी. दिवसभराची बेरीज केली की डीएलआय. हिशोब सोपा आहे: पीपीएफडी गुणिले दिवा चालू असण्याचे तास गुणिले ०.००३६. लेट्यूस, बेसिल, कोथिंबीर यांना डीएलआय १२ ते १७ असला की बरं चालतं. मायक्रोग्रीन्स, म्हणजे कोवळी असतानाच कापून खायची रोपं, ६ ते ८ वर खूश असतात. मिरची-टोमॅटोला २० च्या पुढे लागतो. त्यांचं काय करायचं ते नंतर बोलू.

आता एक कपाट डोळ्यासमोर आणा. दोन फूट बाय दोन फूट, तीन फूट उंच, प्लायवूडचं. आत लेट्यूस आणि बेसिल. दिवा १६ तास चालवायचा आणि पीपीएफडी २५० ठेवायचा ठरवला, तर डीएलआय १४.४ येतो. उत्तम. कपाटाचं क्षेत्रफळ साधारण ०.३६ चौरस मीटर. २५० गुणिले ०.३६ म्हणजे सेकंदाला ९० मायक्रोमोल पानांवर पोचले पाहिजेत. दिव्यातून निघालेलं सगळं पानांवर पडत नाही, पाव हिस्सा भिंतींत आणि फटींत जातो असं धरा. म्हणजे दिव्यातून १२० निघायला हवेत.

इथं खरेदीचा मुख्य प्रश्न येतो: एका वॅटमागे दिवा किती मायक्रोमोल देतो? चांगल्या प्रतीच्या बागकामाच्या एलईडी पट्ट्या २.५ च्या आसपास देतात. तिथे १२० साठी ४८ वॅट पुरतात. घरगुती एलईडी ट्यूब वॅटमागे १०० ल्युमेन देते, म्हणजे साधारण १.४ मायक्रोमोल. तिथे ८५ वॅट लागतात. १६ तासांच्या हिशोबानं पहिला दिवा महिन्याला २३ युनिट खातो, दुसरा ४१. ज्यांचं घरगुती बिल १०० युनिटच्या अलीकडे-पलीकडे घुटमळतं, त्यांना हा फरक चांगलाच जाणवेल, कारण पुढच्या टप्प्याचा दर बराच चढा आहे.

मग ट्यूब वाईट का? मुळीच नाही. मायक्रोग्रीन्सच्या कप्प्याला १० वॅटच्या दोन फुटी चार ट्यूब शेजारी-शेजारी लावा, काम भागतं. ६५०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या छटेचं माप, आकडा जितका मोठा तितका निळसर) पांढरा उजेडही चालतो, उलट त्यातल्या जास्त निळ्यामुळे रोपं आखूड आणि टणक राहतात. लेट्यूससाठी मात्र तशा आठ-नऊ ट्यूब लागतील. छत भरून जाईल, उष्णता वाढेल. त्यापेक्षा पट्ट्या घ्याव्यात.

खोक्यावर ‘१००० वॅट’ छापलेलं दिसलं, तर त्या आकड्याकडे काणाडोळा करा. शंभर चिप, प्रत्येक चिप म्हणे १० वॅटची, झाले हजार. प्रत्यक्षात प्रत्येक चिप एखाद्या वॅटवर चालवलेली असते आणि दिवा १०० वॅटच्या आसपास ओढतो. खात्री करायला वेगळं यंत्र लागत नाही. घरच्या वीजमीटरवर एका युनिटला किती वेळा लाल दिवा लुकलुकतो ते छापलेलं असतं, बहुधा १६०० किंवा ३२००. फ्रिज, राउटर, सगळं बंद करा, फक्त हा दिवा लावा आणि सहा मिनिटं मोजा. ३२०० च्या मीटरवर ५० वॅटला १६ वेळा लुकलुकेल, १०० वॅटला ३२ वेळा. खरेच हजार वॅट असते तर ३२० वेळा, मोजता मोजता दमछाक झाली असती. विकणारा खरे वॅट आणि एकूण मायक्रोमोल, म्हणजे पीपीएफ, हे दोन्ही आकडे देत नसेल तर पुढच्या दुकानात जावं.

जांभळ्या, म्हणजे फक्त लाल-निळ्या चिपांच्या, दिव्याबद्दल विचारणा आली आहे. हरितद्रव्य लाल आणि निळा जास्त शोषतं, म्हणून हिरवा वाया जातो, असा तर्क होता. पण अखंड पान हिरवाही बऱ्यापैकी वापरतं. मक्री या संशोधकानं १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत हे दिसलं होतं. शिवाय हिरवा पानात खोलवर आणि खालच्या पानांपर्यंत जातो. जांभळ्या उजेडात रोप वाढतं, नाही असं नाही. पण पान पिवळं पडलंय, मावा आलाय, टोक करपलंय, यातलं काहीच दिसत नाही. सगळं काळपट दिसतं. ३००० ते ४००० केल्विनचा पांढरा आणि जोडीला थोडे ६६० नॅनोमीटरचे लाल, हे मिश्रण घरासाठी सर्वांत सोयीचं.

आकारही बघा. एकच झगझगीत ठिपका असलेला दिवा मधलं रोप भाजतो आणि कोपऱ्यातली उपाशी ठेवतो. चार-पाच पट्ट्या १२ सेंटिमीटर अंतरानं लावून शेंड्यापासून २० ते २५ सेंटिमीटर वर टांगल्या, तर उजेड सारखा पसरतो. आतल्या भिंतींना पांढरा मॅट रंग द्या. स्वयंपाकघरातली चांदीची फॉइल नको. सुरकुत्यांमुळे ठिकठिकाणी झोत पडतात, आणि सुटलेल्या वायरला टेकली तर शॉकही बसतो.

बसवून झाल्यावर लक्समीटर रोपांच्या शेंड्याच्या उंचीवर आडवा धरून नऊ जागी मोजा: चार कोपरे, चार कडांचे मध्य आणि केंद्र. पांढऱ्या एलईडीसाठी लक्सला ७० नं भागलं की पीपीएफडी अंदाजे मिळतो. १७,५०० लक्स म्हणजे २५०. सर्वांत कमी आकडा सरासरीच्या ७० टक्क्यांखाली गेला, तर पट्ट्या कडांकडे सरकवा. हा भागाकार जांभळ्या दिव्याला लागू नाही, कारण लक्समीटर माणसाच्या डोळ्यासाठी बनवलाय आणि लाल-निळा तो फार कमी मोजतो.

उष्णतेकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. ‘एलईडी गार असतो’ हे अर्धसत्य आहे. बंद कपाटात ४८ वॅट शिरले की शेवटी जवळजवळ सगळ्यांची उष्णताच होते. आतलं तापमान खोलीपेक्षा ३ अंशांहून जास्त वाढू द्यायचं नसेल, तर तासाला सुमारे ५० घनमीटर हवा बाहेर गेली पाहिजे. संगणकाचा १२ सेंटिमीटरचा एक पंखा वरच्या बाजूला आणि खाली तेवढंच भोक, एवढ्यानं काम होतं. पंख्याच्या खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो, जाळी लावल्यावर तो बराच उतरतो. ड्रायव्हर, म्हणजे पट्ट्यांना वीज पुरवणारा डबा, कपाटाबाहेर ठेवा: पाचेक वॅट उष्णता बाहेर राहते आणि त्यातले कपॅसिटरही जास्त टिकतात. दिवे संध्याकाळी ६ ते सकाळी १० चालवा. एप्रिल-मेमध्ये पुण्या-नागपुरात खोलीच ३५ अंशांवर असते, तेव्हा लेट्यूसला तुरा येऊन ती कडू होणारच. त्या दोन महिन्यांत मायक्रोग्रीन्स घ्यावेत.

मिरची-टोमॅटोचं म्हणाल तर डीएलआय २५ साठी याच कपाटात ८०-८५ वॅट लागतील आणि झाड महिन्या-दीड महिन्यात दिव्याला टेकेल. रोपं तयार करून बाहेर हलवण्यापुरतं ठीक. त्यांना चोवीस तास उजेड देण्याचा मोह तर टाळाच. सतत प्रकाशात टोमॅटोची पानं पिवळी पडतात.

रोपं किडकिडीत होऊन मान टाकत असतील तर उजेड कमी आहे. वरची कोवळी पानं फिकट पांढरी आणि खालची हिरवी असतील, किंवा कडा द्रोणासारख्या वर वळत असतील, तर उजेड किंवा उष्णता जास्त आहे. दिवा १० सेंटिमीटर वर घ्या. खिडकीतली रोपं आत आणताना पहिला आठवडा अर्ध्या उजेडावर ठेवा.

वायरिंगमध्ये तीन पिनी प्लग आणि अर्थिंग हवंच. धातूच्या पट्टीजवळ रोज पाणी शिंपडलं जाणार आहे. वायर बोर्डाकडे जाताना खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळ बोर्डात शिरत नाही. पिनांचा यांत्रिक टायमर वीज गेली की थांबतो आणि तेवढाच मागे पडतो, तेव्हा आठवड्यातून एकदा घड्याळ जुळवा. ड्रायव्हर चालू होताना क्षणभर प्रवाहाचा मोठा धक्का देतो. त्यानं स्वस्त टायमरचे कॉन्टॅक्ट कधीकधी चिकटतात, चकती फिरत राहते आणि दिवा बंदच होत नाही. सकाळी दहानंतर कपाटाच्या फटीतून उजेड येत असेल, तर आधी टायमर बदला.