कॉव्हेंट्रीचं मैदान कोणाचं?

(दृश्य : सिक्सफील्ड्स स्टेडियम, मागे गवताची टेकडी)

ऑगस्ट २०१३. इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टन शहराच्या कडेला सिक्सफील्ड्स नावाचं एक छोटं स्टेडियम आहे. तिथे कॉव्हेंट्री सिटी हा फुटबॉल क्लब आपला ‘घरचा’ सामना खेळतोय. समोर ब्रिस्टल सिटी. सामना भन्नाट, एकूण नऊ गोल, कॉव्हेंट्री ५-४ने जिंकतो. आत प्रेक्षक जेमतेम दोन हजारांच्या वर. आणि बाहेर, स्टेडियमला लागून असलेल्या टेकडीवर, आकाशी रंगाचे शर्ट घातलेले लोक उभे आहेत. तिथून मैदान पूर्ण दिसत नाही. तिकीट परवडत नाही म्हणून ते बाहेर थांबलेले नाहीत. मालकाच्या खिशात आपली एक पेनीही जाऊ द्यायची नाही, हे त्यांनी ठरवलंय.

कॉव्हेंट्री इथून ५०-५५ किलोमीटरवर आहे. तिथे ३२ हजार आसनांचं नवंकोरं म्हणावं असं स्टेडियम उभं आहे, याच क्लबसाठी बांधलेलं. त्या दिवशी त्याला कुलूप आहे.

हे कसं झालं ते समजायला जरा मागे जावं लागेल.

(दृश्य : जुनी छायाचित्रं, सायकल कारखाना, हायफील्ड रोड)

कॉव्हेंट्री हे कारखान्यांचं शहर. आधी सायकली, मग मोटारी. १८८३ मध्ये सिंगर सायकल कारखान्यातल्या कामगारांनी संघ काढला, तोच पुढे कॉव्हेंट्री सिटी झाला. १८९९ पासून क्लबचं घर हायफील्ड रोड. चारी बाजूंनी विटांच्या चाळवजा घरांच्या रांगा आणि मधोमध मैदान. साठच्या दशकात जिमी हिल व्यवस्थापक झाले आणि त्यांनी क्लबला आकाशी रंग दिला, नवी ओळख दिली, इंग्लिश फुटबॉलच्या सर्वांत वरच्या श्रेणीत नेऊन ठेवलं. १९६७ ते २००१, सलग ३४ वर्षं क्लब तिथे टिकला. कधी फार वर नाही, पण बुडालाही नाही. १९८७ मध्ये वेम्बलीवर टॉटनहॅमला ३-२ हरवून एफए कप जिंकला. कीथ हाउचेनने हवेत झेप घेऊन डोक्याने मारलेला गोल कॉव्हेंट्रीत आजही कोणीही अभिनय करून दाखवतं.

आणि एक गोष्ट विसरता कामा नये. १९८१ मध्ये इंग्लंडमधलं पहिलं सगळ्या आसनांचं स्टेडियम याच क्लबने हायफील्ड रोडवर केलं होतं. म्हणजे जागेच्या बाबतीत ही मंडळी अडाणी नव्हती.

पण नव्वदच्या दशकात प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे त्याच सर्वांत वरच्या श्रेणीत, टीव्हीचा पैसा आला, आणि क्लबच्या अध्यक्षांना मोठी स्वप्नं पडू लागली. फोल्सहिल भागातल्या जुन्या गॅस कारखान्याच्या जागेवर भव्य स्टेडियम बांधायचं ठरलं. त्यासाठी पैसा उभा करायचा म्हणून हायफील्ड रोड एका बांधकाम कंपनीला विकलं आणि तिथेच भाडं भरून खेळू लागले. नवं घर बांधून व्हायच्या आत जुनं विकून टाकायचं, वर खेळाडूंवर उधळपट्टी चालूच ठेवायची! २००१ मध्ये संघ खालच्या श्रेणीत घसरला, टीव्हीचा पैसा आटला, आणि कर्ज तेवढं उरलं.

(दृश्य : बांधकामाची छायाचित्रं, २००४)

स्टेडियमचं काम थांबू नये म्हणून नगरपालिका पुढे आली. नव्या वास्तूचा कारभार पाहणारी कंपनी होती अरेना कॉव्हेंट्री लिमिटेड. लोक तिला एसीएल म्हणतात, आपणही तेच म्हणू. एसीएलचा अर्धा हिस्सा नगरपालिकेचा. उरलेला अर्धा क्लबकडे होता, पण हातात रोकड नसल्यामुळे तो त्यांनी ॲलन एडवर्ड हिग्ज या स्थानिक धर्मादाय संस्थेला सुमारे ६५ लाख पौंडांना विकला. पुढे पैसे आले की तो परत घेण्याचा हक्क राखून ठेवला. ते पैसे काही आले नाहीत.

नावाचीही गंमत झाली. स्टेडियमला ‘जॅग्वार’चं नाव लागणार होतं. पण जॅग्वारने कॉव्हेंट्रीतल्या ब्राउन्स लेन कारखान्यातलं मोटारनिर्मितीचं काम बंद करायचं ठरवलं, शहरात संताप उसळला आणि करार मोडला. मग जपानी छपाईयंत्रवाल्या रिको कंपनीचं नाव लागलं. त्याच जॅग्वारची मालकी २००८ मध्ये टाटा मोटर्सकडे आली. कंपनीचं मुख्यालय कॉव्हेंट्रीतच व्हिटलीला आहे, त्यामुळे पुण्या-मुंबईकडच्या इंजिनिअर मंडळींना हे शहर अगदीच परकं नाही.

२० ऑगस्ट २००५ला रिको अरेनात पहिला सामना झाला. क्लब भाडेकरू म्हणून आत आला. भाडं वर्षाला सुमारे १२ लाख पौंड.

इथे थोडं थांबू. पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ या करारात आहे. आकडा जड होता हे खरं, विशेषतः संघ खाली घसरल्यावर. पण त्याहून जास्त झोंबणारी बाब दुसरी होती. सामन्याच्या दिवशी २० हजार माणसं येतात, तेव्हा ती तिकिटाखेरीज ‘पाय’ (मांस भरलेली भाजलेली पेस्ट्री) खातात, बिअर पितात, गाडी लावतात, कंपन्या बॉक्स भाड्याने घेतात. शिवाय त्याच वास्तूत हॉटेल, कॅसिनो, प्रदर्शनाची दालनं. हे बहुतेक सगळं उत्पन्न एसीएलच्या गल्ल्यात जायचं. माणसं क्लबच्या नावावर यायची, खर्च करायची, आणि क्लबच्या हाती मुख्यतः तिकिटाचे पैसे. वर भाडं. अशा व्यवस्थेत भाडं निम्मं केलं तरी क्लब कायम तोट्यातच राहणार होता.

डिसेंबर २००७. क्लब दिवाळखोरीच्या अगदी काठावर. शेवटच्या क्षणी लंडनचा सिसू नावाचा हेज फंड, म्हणजे श्रीमंतांचा पैसा जोखमीच्या व्यवहारांत गुंतवून नफा काढणारी कंपनी, आला, सूत्रं जॉय सेपाला यांच्याकडे. शहराने सुटकेचा श्वास सोडला. हेज फंड कशासाठी येतो, हा प्रश्न त्या वेळी फार कोणी विचारला नाही.

बाहेरच्या मालकांची ही लाटच होती. आपल्या ओळखीचं उदाहरण म्हणजे पुण्याचा वेंकीज समूह. त्यांनी २०१० मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स घेतला, दोन वर्षांत संघ खालच्या श्रेणीत गेला, आणि चिडलेल्या चाहत्यांनी ऐन सामन्यात मैदानावर जिवंत कोंबडी सोडली. पण ब्लॅकबर्नकडे स्वतःचं ईवूड पार्क होतं. मालकावर कितीही राग असला तरी शनिवारी कुठे जायचं, हा प्रश्न तिथल्या चाहत्यांना पडला नाही. कॉव्हेंट्रीकरांना पडला.

(दृश्य : वर्तमानपत्रांचे मथळे, २०१२-१३)

२०१२ मध्ये संघ तिसऱ्या श्रेणीत घसरला. त्याच एप्रिलपासून सिसूने भाडं देणं थांबवलं. एसीएल भाडं चार लाखांपर्यंत खाली आणायलाही तयार झाली, पण तडजोड होईना. एसीएलवर बँकेचं मोठं कर्ज होतं आणि मुख्य भाडेकरू पैसे देत नव्हता. जानेवारी २०१३ मध्ये नगरपालिकेने स्वतः १ कोटी ४४ लाख पौंड कर्ज देऊन एसीएलला बँकेच्या तावडीतून सोडवलं. सिसू कोर्टात गेली : करदात्यांचा पैसा वापरून दिलेली ही बेकायदा मदत आहे.

२०१४ मध्ये उच्च न्यायालयात न्यायमूर्ती हिकिनबॉटम यांनी दावा फेटाळला. निकालात त्यांनी स्पष्ट नोंदवलं की भाडं रोखणं ही ठरवून केलेली चाल होती. एसीएलला आर्थिक कोंडीत पकडायचं आणि स्टेडियममधला हिस्सा स्वस्तात पदरात पाडून घ्यायचा. २०१६ मध्ये अपील न्यायालयातही सिसू हरली.

पण दरम्यान क्लबचं काय? इथे गोष्ट खरोखर विचित्र होते.

मार्च २०१३. थकलेल्या भाड्यासाठी एसीएल कोर्टात गेली आणि क्लबवर प्रशासक नेमा म्हणाली. प्रशासक म्हणजे साधारण आपल्याकडे दिवाळखोरी कायद्याखाली एनसीएलटी, म्हणजे कंपनी न्यायाधिकरण, नेमते त्या अधिकाऱ्यासारखा. सुनावणीच्या आदल्या दिवशी सिसूने स्वतःच प्रशासक नेमून टाकला. पण कशावर? कॉव्हेंट्री सिटीच्या नावाच्या दोन कंपन्या होत्या. एक ‘लिमिटेड’, दुसरी ‘होल्डिंग्ज’. मालक म्हणाले, प्रशासक फक्त ‘लिमिटेड’वर आहे, ती नुसती जागेचे व्यवहार पाहणारी उपकंपनी. खरा फुटबॉल ‘होल्डिंग्ज’कडे. त्यामुळे लीगने गुण कापायचं कारणच नाही.

आता लीगमध्ये खेळण्याचा हक्क एका समभागावर असतो, त्याला गोल्डन शेअर म्हणतात. तो ज्या कंपनीकडे, तो क्लब. प्रशासकाने कागद चाळले आणि तो ‘लिमिटेड’कडे असल्याचं सांगितलं. मग खेळाडूंचे करार कोणाकडे? १९८७चा कप कोणाचा? शंभरहून अधिक वर्षांचा क्लब नेमका कोणत्या कंपनीत राहतो, हे शोधायला हिशेबनीस बसले होते. हे काम त्यांनी करायचं आणि हजारो लोकांनी वाट बघायची, हा प्रकार मला तरी हास्यास्पद वाटतो.

लीगने दहा गुण कापलेच. प्रशासकाने क्लब विकायला काढला आणि तो घेतला ओटियम नावाच्या कंपनीने. ओटियम कोणाशी जोडलेली? सिसूशीच! धनकोंना देणी चुकवण्याचा समझोता मांडला गेला, तो एसीएलने आणि कर खात्याने नाकारला. शिक्षा म्हणून आणखी दहा गुण गेले. आणि आपल्याच शहरात भाडं भरण्यापेक्षा क्लब नॉर्थॅम्प्टनला निघून गेला.

त्या हंगामात घरच्या सामन्यांना सरासरी अडीच हजारही माणसं आली नाहीत. ५ सप्टेंबर २०१४ला तात्पुरत्या तडजोडीनंतर संघ रिकोवर परतला, जिलिंगहॅमविरुद्ध. त्या रात्री २७,३०६ प्रेक्षक होते. मधल्या वर्षात ही माणसं कुठेही गेली नव्हती.

(दृश्य : रग्बीचा सामना, वॉस्प्सचा पिवळा-काळा झेंडा)

महिना-दीड महिन्यातच दुसरा धक्का. १८६७ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या वॉस्प्स या रग्बी क्लबने एसीएलच विकत घेतली. नगरपालिकेचा आणि हिग्ज संस्थेचा हिस्सा प्रत्येकी सुमारे २७ लाख ७० हजार पौंडांना, आणि वर भाडेपट्टा वाढवून तब्बल अडीचशे वर्षांचा. ज्या शहराने आपला क्लब बाहेरगावी गेल्याबद्दल बोटं मोडली, त्याच शहराने दुसऱ्या गावचा क्लब आणून मालक म्हणून बसवला. लंडन आणि विकममधल्या वॉस्प्सच्या जुन्या चाहत्यांवर जे लादलं गेलं, ते कॉव्हेंट्रीकरांना अनुभवाने ठाऊक होतं. तरी व्यवहार झाला.

सिसू पुन्हा कोर्टात : नगरपालिकेने जागा फार स्वस्तात दिली. खालच्या कोर्टात हार, २०१८ मध्ये अपिलात हार, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दार बंद केलं. मग तक्रार युरोपीय आयोगाकडे. वॉस्प्स म्हणाले, त्यातून आमच्यावर काही भुर्दंड पडला तर तो तुम्ही भरायचा, तशी हमी द्या, तरच भाडेकरार. हमी मिळाली नाही. २०१९ ते २०२१, दोन हंगाम कॉव्हेंट्री सिटी बर्मिंगहॅम सिटीच्या सेंट अँड्र्यूज मैदानावर खेळला.

चाहत्यांनी एव्हाना निषेधाचे सगळे प्रकार करून झाले होते. २०१६ मध्ये चार्लटनविरुद्धच्या सामन्यात दोन्ही संघांच्या चाहत्यांनी एकत्र येऊन, आपापल्या मालकांच्या निषेधार्थ, मैदानावर प्लास्टिकच्या छोट्या डुकरांचा वर्षाव केला. खेळ थांबवून ती गोळा करावी लागली.

आणि या सगळ्या गोंधळात संघ मात्र सावरत होता. २०१७ मध्ये चौथ्या श्रेणीत गेलेला क्लब मार्क रॉबिन्स यांच्या हाताखाली २०१८ मध्ये वर आला, २०२० मध्ये पुन्हा वर आला. दुसऱ्याच्या मैदानावर खेळून.

वॉस्प्सचं काय झालं? त्यांनी २०१५ मध्ये स्टेडियमच्या जोरावर साडेतीन कोटी पौंडांचे रोखे विकले होते, साडेसहा टक्के व्याजाने. घेणाऱ्यांत साधे चाहतेही होते. परतफेड मे २०२२ मध्ये करायची होती, जमली नाही. १७ ऑक्टोबर २०२२ला वॉस्प्सवर प्रशासक आला आणि १६७ खेळाडू व कर्मचाऱ्यांची नोकरी एका दिवसात गेली. नोव्हेंबरमध्ये माइक ॲशली यांच्या फ्रेझर्स समूहाने १ कोटी ७० लाख पौंडांना स्टेडियम उचललं. नव्या घरमालकाने डिसेंबरमध्ये पहिलं काम काय केलं? फुटबॉल क्लबला जागा सोडण्याची नोटीस. जुना करार आता बांधील नाही, नवा करा. क्लबने मुकाट्याने सही केली.

त्याच सुमारास सिसू अखेर बाहेर पडली. स्थानिक व्यावसायिक डग किंग यांनी क्लब घेतला. मे २०२३ मध्ये संघ प्रीमियर लीगच्या दारात पोचला, वेम्बलीवर बढतीसाठीच्या अंतिम सामन्यात ल्युटनकडून पेनल्टीवर हरला.

(दृश्य : कॉव्हेंट्री बिल्डिंग सोसायटी अरेना, म्हणजे पूर्वीचं रिको अरेना, आजचं)

ऑगस्ट २०२५ मध्ये क्लबने जाहीर केलं : फ्रेझर्सकडून स्टेडियम आम्ही विकत घेतलंय. हायफील्ड रोड सोडून तेव्हा वीस वर्षं झाली होती. तिथे आता घरं आहेत.

पाय, बिअर, पार्किंग, संगीत मैफली, प्रदर्शनं, सगळ्याचं उत्पन्न आता क्लबच्या हिशेबात येऊ शकतं. पण इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत बरेच क्लब जेवढं कमावतात, जवळपास तेवढंच खेळाडूंच्या पगारावर घालवतात, काही तर त्याहून जास्त. उरलेली तूट मालक भरतो, तो भरतो तोवर. आणि कॉव्हेंट्रीत आता क्लब आणि स्टेडियम, दोन्हींवर एकाच माणसाची सत्ता आहे.