गाठोड्यातलं ढेकूळ

(दृश्य: अमळनेर तालुका. डिसेंबरची संध्याकाळ. कपाशीचं वावर, बांधावर वजनकाटा.)

कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते. दिवसभर वाकून जेवढं वेचलं, तेवढं संध्याकाळी काट्यावर चढतं. हा हिशेब या माउलीच्या सहा वर्षांच्या लेकालाही ठाऊक आहे. वडील वारले, तेव्हा तो तीन वर्षांचा होता. रविवारी शाळा नसते, म्हणून तो आईसोबत वावरात येतो.

आज त्याने गाठोड्यात मातीचं ढेकूळ लपवलं.

"माय, आते जड व्हयनं!"

आईने हात उगारला नाही. चारचौघांत ओरडलीही नाही. त्याला बांधाआड नेलं, गाठोडं सोडलं.

"काढी टाक, भाऊ. हाई आपलं नई."

ढेकूळ त्यानेच काढलं. मग दोघं कापसाला लागलेली माती झटकत बसले.

(दृश्य: दोघांचे हात.)

पोराच्या मनात लबाडी नव्हती, आईची काळजी होती. वडील गेले त्या दिवसापासून येणारा-जाणारा त्याला सांगतोय, "आता घरचा कर्ता तूच." सहा वर्षांच्या खांद्यावर केवढं हे ओझं! कुणी असं म्हणतं, तर कुणी "बिनबापाचं पोर बिचारं" म्हणत त्याच्या चुकांवर पांघरूण घालतं. दोन्हींनी मूल बिघडतं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

याच खानदेशात बहिणाबाई चौधरींना तिशीत वैधव्य आलं. शेतात राबत त्यांनी लेकरं वाढवली.

पैशाची ओढाताण खरीच आहे. राज्याच्या बाल संगोपन योजनेत एका पालकाच्या छत्राखालच्या पात्र मुलासाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात. या आईने अर्ज केलाय. कागदांसाठी तालुक्याला जायचं तर त्या दिवसाची मजुरी बुडते.

शेजारच्या गल्लीत बायको गेलेला एक बाप आहे. लेकीची वेणी घालायला तो शेजारच्या काकूंकडून शिकला. पहिले दोन महिने वेणी वाकडी व्हायची, तरी लेक तशीच शाळेत जायची.

(दृश्य: पुन्हा काटा. गाठोडं चढतं.)

काट्याजवळ जाण्याआधी आई खाली बसली आणि लेकाला म्हणाली, घर चालवायला मी आहे, तू शाळेत जा, खेळ. त्याने मान हलवली. समजलं किती, कोण जाणे.

आकडा वाचायचं काम मात्र त्याने सोडलं नाही. टाचा उंचावून, बोट लावून, सगळ्या वावराला ऐकू जाईल असं तो ओरडला,

"बत्तीस!"