बॅरेक नंबर अमुक, उल्हासनगर

[दृश्य : विठ्ठलवाडी स्टेशनबाहेरचा रिक्षा स्टँड]

विठ्ठलवाडीला उतरून रिक्षात बसलात, की पहिला प्रश्न येतो, "कितवा कॅम्प?" फौज जाऊन पाऊणशे वर्षं उलटली, तरी उल्हासनगरात आजही एक ते पाच कॅम्पच आहेत. पत्ता सांगायचा तर आधी कॅम्प, मग बॅरेक, मग रूम. दुकानाच्या पाटीवर, लग्नपत्रिकेवर बॅरेक नंबर "बी. के. नं." असा छापलेला दिसेल. त्या नंबरवर खरोखरची बॅरेक उरलीय की नाही, हे मात्र जाऊनच बघायचं.

दुसऱ्या महायुद्धात सरकारने इथे कल्याण मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प उभारला. जागा हेरून निवडलेली. रेल्वे दाराशी, उल्हास नदी जवळ, मुंबई बंदर गाडीने गाठता येईल इतकं लांब. ६,००० सैनिक आणि आणखी ३०,००० माणसं राहतील असा अंदाज धरून २,१२६ बॅरेकी बांधल्या. बहुतेकींचा नकाशा एकच : मधे मोठा हॉल आणि दोन्ही टोकांना खोल्या. नळ आणि संडास बाहेर, सगळ्यांना मिळून. सैनिकाला खाट टाकायला जागा लागते. चूल, मोरी, देवघर त्याच्या हिशेबात नसतं. युद्ध संपलं, माणसं गेली, कॅम्प ओस पडला.

[दृश्य : जुने फोटो, मुंबई बंदर]

फाळणीत पंजाब आणि बंगाल यांची वाटणी झाली. सिंधची झाली नाही. अख्खा प्रांतच पाकिस्तानात गेला. तिथले कितीतरी हिंदू, आज ना उद्या सगळं निवळेल, या आशेवर घरं धरून बसले होते. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल उसळली आणि ती आशाही गेली. बोटी भरभरून माणसं मुंबईच्या धक्क्याला लागू लागली. एवढ्या लोकांना ठेवायचं कुठे? कल्याणला रिकाम्या बॅरेकी होत्या.

एकेका हॉलमध्ये अनेक कुटुंबं. मधे भिंत नाही. दोऱ्या ताणून त्यांवर गोणपाट टांगायचं, कुठे साडी, कुठे चादर. त्या पडद्याच्या अलीकडे एक संसार, पलीकडे दुसरा. पलीकडचं बाळ रडलं की अलीकडची झोप उडायची. कुणाच्या घरात काय शिजतंय आणि कुणाचं कशावरून वाजलंय, सगळ्या हॉलला ठाऊक. पहाटे नळावर रांग, मग संडासाला रांग, मग रेशनला रांग. यांत सिंधमध्ये वाडे, जमिनी, पेढ्या मागे टाकून आलेली माणसंही होती, हे विसरून चालणार नाही.

८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी आले, कोनशिला बसली आणि कॅम्पाला नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळालं. गोणपाटाच्या जागी हळूहळू पक्क्या भिंती आल्या. १९५४ च्या कायद्याने निर्वासितांना पाकिस्तानात सोडलेल्या मालमत्तेपोटी भरपाईचा हक्क दिला. त्या क्लेमपोटी पुष्कळांना सरकारी घरं मिळाली, आणि फौजेच्या हॉलचा एकेक तुकडा एकेका कुटुंबाच्या नावावर चढला.

[दृश्य : बॅरेकीमधली मोकळी जागा, आज]

या शहराची खरी गोष्ट मला हॉलपेक्षा बाहेरच्या जागेत दिसते. दोन बॅरेकींमध्ये फौजेने ऐसपैस अंतर सोडलं होतं. निर्वासितांनी तिथे आधी चूल मांडली. मग वर पत्रा आला, मग शिलाई मशीन, मग दुकान. घरात बायका पापड लाटायच्या, लोणची घालायच्या. पुरुष तो माल घेऊन लोकलच्या डब्यांतून विकायचे. पुढे कापड, फर्निचर आणि जीन्सचे कारखाने आले. "उल्हासनगरचा माल" म्हणून मुंबईकरांनी नाकं पुष्कळ मुरडली, आणि लग्नाचा बस्ता बांधायला गाडी मात्र इकडचीच पकडली.

[दृश्य : एका बॅरेकीची भिंत, जवळून]

आता ही बॅरेक जरा जवळून बघा. छप्पर एकच होतं, मालक अनेक. सगळ्यांनी मिळून नवं बांधायचं तर सगळ्यांचं एकमत हवं, ते कुठून होणार? मग ज्याच्याकडे पैसा आला त्याने आपल्यापुरता तुकडा पाडला. इथे एकाने तीन मजले चढवलेत, टाइल्स लावल्यात, वर पाण्याची काळी टाकी. त्याच्या लगत जुनं उतरतं छप्पर करवतीने कापावं तसं सरळ तुटलंय, आणि उरलेल्या तुकड्यात शेजाऱ्याचा संसार चालूच आहे. दोघांचा बॅरेक नंबर एकच. फरक फक्त रूम नंबरचा.

अवघ्या तेरा चौरस किलोमीटरच्या या शहरात २०११ च्या जनगणनेत पाच लाखांवर माणसं मोजली गेली. एवढ्या जागेत आडवं पसरणं शक्य नव्हतं. बांधकामं वर गेली, आणि परवानगीची वाट फारशी कुणी पाहिली नाही. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, ८५५ बेकायदा इमारतींवर हातोडा पडायची वेळ आली, तेव्हा राज्य सरकारने २००६ मध्ये खास उल्हासनगरसाठी बांधकामं नियमित करण्याचा कायदा केला. पण कागद नियमित झाला म्हणून स्लॅब मजबूत होत नाही. मे २०२१ मध्ये, भर कोरोनात, इथल्या दोन इमारतींचे स्लॅब एका महिन्यात कोसळले आणि माणसं दगावली. दोन्ही इमारती नव्वदच्या दशकातल्या, म्हणजे बॅरेकींच्या निम्म्याहूनही कमी वयाच्या.

पुनर्विकासाच्या बैठकीत आज पहिला प्रश्न सनदेचा, म्हणजे मालकीच्या सरकारी कागदाचा, निघतो. हॉलचा तुकडा आजोबांच्या नावावर, मधल्या मोकळ्या जागेवर वाढवलेली खोली कुणाच्याच नावावर नाही, वरचा मजला धाकट्या काकाने बांधलेला. यातलं किती मोजायचं आणि कुणाला किती द्यायचं, यावर बिल्डर, महापालिका आणि प्रांत कार्यालय यांच्या चकरा सुरू होतात.