घशाशी येणारं आंबट आणि एन्झाइमची कॅप्सूल

नमस्कार मंडळी. रात्री दोनला जाग येते, छातीत आग, घशाशी आंबट पाणी, उठून बसल्याशिवाय चैन पडत नाही, असं तुमच्यापैकी कितीजणांना होतं? माझ्या दादाला वर्षभर होत होतं आणि तो रोज जेवणानंतर एन्झाइमची कॅप्सूल घ्यायचा, कुणीतरी सांगितलेलं की अन्न पचत नाही म्हणून वर येतं. ऐकायला पटतं हो, पण तसं नाहीये, आणि आज मला हेच नीट सांगायचंय.

आपण सरसकट 'पित्त झालं' म्हणतो. खरं पित्त यकृतात तयार होतं, घशाशी येतं ते बहुतेक वेळा जठरातलं आम्ल. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंची एक झडप असते, घास गेला की ती मिटते. ती ढिली पडली किंवा नको तेव्हा उघडली की आम्ल वर सरकतं, जठराला आतून चिकट थराचं संरक्षण असतं तसं अन्ननलिकेला नसतं, म्हणून जळतं. आता सांगा, यात एन्झाइम काय करणार? ते पिष्ट, प्रथिनं, चरबी तोडतात, झडप घट्ट करणं हे त्यांचं कामच नाही!

दादाच्या बाटलीचं लेबल मी एकदा खिडकीपाशी उजेडात धरून वाचलं. बारीक अक्षरात बीटेन हायड्रोक्लोराइड. म्हणजे आम्लच! आधीच जळतंय त्यात आणखी आम्ल, मला तर वाचून धस्सच झालं. म्हणून लेबल वाचा, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ब्रोमेलेन (अननसातलं एन्झाइम) असलेलं काही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका.

एन्झाइम वाईट असं मी म्हणत नाही. ज्यांचं स्वादुपिंड पुरेसे एन्झाइम बनवत नाही, शौच तेलकट होते, वजन घटतं, त्यांना ते डॉक्टर लिहून देतात आणि त्यांना त्याची खरंच गरज असते. ती कॅप्सूल जेवतानाच घ्यायची, आणि त्यातल्या दाण्यांवर बहुतेक वेळा खास आवरण असतं, कारण जठरातलं आम्ल लायपेज, म्हणजे चरबी तोडणारं एन्झाइम, निकामी करतं. दूध पचत नाही त्यांना लॅक्टेजचा उपयोग होतो. पण ही दुखणी वेगळी, जळजळ वेगळी.

जळजळीला काय मग? अँटासिड पटकन आराम देतं पण थोडाच वेळ. ओमेप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी जेवणाआधी 30 ते 60 मिनिटं घ्यायची, बरेच जण जेवून घेतात आणि म्हणतात गुण येत नाही. ती महिनोन्‌महिने चालली असेल तर मनानेच एकदम बंद करू नका, आम्ल उसळून येऊ शकतं. रात्रीचं जेवण आणि झोप यात 3 तास ठेवा, डाव्या कुशीवर झोपा, वजन जास्त असेल तर थोडं कमी झालं तरी फरक पडतो.

आणि घास अडकतोय, उलटीत रक्त, शौच काळी, वजन उगाच उतरतंय, असं काही असेल तर तडक डॉक्टर. छातीतलं दुखणं हाताकडे जबड्याकडे जात असेल, घाम फुटत असेल तर त्याला ॲसिडिटी समजून घरी बसूच नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

दादाने आधी उशीवर उशी रचून पाहिली, पण त्याने पोटच दुमडतं आणि दाब वाढतो. मग आम्ही दोघांनी पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली 15 सेंटीमीटरचे लाकडी ठोकळे सरकवले, आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी तो वेळेवर घ्यायला लागला. दोनच्या सुमाराला उठून बसणं हळूहळू थांबलं त्याचं.