कंबर धरली की आधी कोणाकडे जायचं?

मी फिजिओथेरपिस्ट, म्हणजे तपासून व्यायाम-हालचालीनं दुखणं बरं करणारी. कापूस वेचणी सुरू झाली की आमच्याकडे कंबर-खांदे-गुडघ्याचे पेशंट वाढतात, आणि त्यात बायाच जास्त. दिवसभर वाकून वेचायचं, पोटाशी ओटी बांधलेली, ती जसजशी भरते तसं वजन पुढं ओढतं, मग कमरेचे स्नायू सकाळपासून संध्याकाळपर्यंत ताणलेलेच राहतात, दुखणारच ना. पण दुखायला लागल्यावर आपण काय करतो? पहिले मेडिकलमधून गोळी, मग "सुई टोचून द्या जी, निंदण बाकी हाये", मग पट्टा, मग तालुक्याला एक्स-रे, मग नागपूरला एमआरआय, आणि पैसे संपले की कोणीतरी म्हणतं आता फिजिओथेरपी करून पहा. ज्याच्याकडे पहिले यायचं त्या फिजिओकडे माणूस शेवटी येतो, हेच मला बदलायचं आहे.

ऑस्ट्रेलियात १९७६ पासून लोक डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय थेट फिजिओकडे जातात. इंग्लंडमध्ये तर सरकारी फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यातच बऱ्याच ठिकाणी फिजिओ बसतो, कंबरदुखीवाल्याला सरळ त्याच्याकडेच पाठवतात. आपल्याकडेही इंटर्नशिप धरून साडेचार-पाच वर्षांची डिग्री करूनच फिजिओथेरपिस्ट बाहेर पडतो, तो नुसता शेक द्यायला बसलेला नसतो.

"मणक्यात गॅप आला" म्हणून रडत आलेल्या किती जणी मी पाहिल्या. ऐका, ज्यांना काहीच दुखत नाही अशा २० वर्षांच्या लोकांचे एमआरआय पाहिले तरी साधारण ३० टक्क्यांत मणक्याची गादी फुगलेली दिसते, आणि ८० वर्षांच्यांत ८४ टक्क्यांत. म्हणजे फोटोत काही दिसलं म्हणून तेच दुखतंय असं नाही, म्हणून आम्ही आधी माणूस पाहतो. चालायला लावतो, उकिडवं बसवतो, टाचेवर उभं करतो, पायात ताकद किती, कुठं बधिर आहे ते तपासतो, आणि शेतात काम कसं करता ते विचारतो. नव्यानं धरलेली कंबर बहुतेकांची काही आठवड्यांत सुधारते, फक्त पडून राहायचं नाही. ओटी अर्धी भरली की रिकामी करा, मधूनमधून ताठ उभं राहून मागं वाका, आणि शिकवलेले व्यायाम रोज करा. दुखण्याच्या गोळ्या मनानं महिनोन्महिने खाल्ल्या तर पोटात अल्सर होऊ शकतो, किडनीवर जाऊ शकतं, हे घरातल्या प्रत्येकाला सांगा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला कोणाला आपल्याकडे ठेवायचं नाही हे कळलंच पाहिजे. कंबरदुखीसोबत लघवी अडकली, बसायच्या जागी बधिर झालं, पाय लुळा पडत चालला तर एक दिवसही थांबायचं नाही, मोठ्या दवाखान्यात जायचं. ताप, वजन उतरणं, रात्री झोपू न देणारं दुखणं असेल तर मणक्याचा टीबी असू शकतो, तिथं मालीश-बिलीश काही नाही. आणि आपल्या भागाचं म्हणून सांगते, घरात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे आणि पोरगं खुबा किंवा गुडघा दुखतो म्हणून लंगडतंय, तर त्याच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बंद पडलेला असू शकतो, तो एक्स-रे मीच आधी काढायला लावीन. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, त्यानं सांधे अन् पाठ आखडते, तिथं व्यायामासोबत पाणी तपासणं आलंच. काकांचा खांदा जाम झाला असेल तर शुगर बघा, शुगरवाल्यांना तो जास्त होतो.

पण हे सगळं करायला माणूस तर जवळ पाहिजे. बहुतेक प्राथमिक आरोग्य केंद्रात फिजिओ नसतो, अन् जिल्ह्याला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते आणि भाडं वेगळं. म्हणून येत्या ग्रामसभेत ठराव टाका की आपल्या केंद्रात आठवड्यातून निदान एक दिवस फिजिओ बसावा, आणि तो दिवस बाजाराचाच मागा, कारण त्या दिवशी प्रत्येक गावातून ऑटो येतो.