ओख्याला एक दिवस जास्त

नमस्कार श्रोतेहो. बडोद्यातल्या आपल्या मराठी घरांमधून दरवर्षी कोणी ना कोणी द्वारकेला जातंच. जगतमंदिराचं दर्शन, गोमती घाट, दुसऱ्या दिवशी बेट द्वारका, की परत. ओखा वाटेतच लागतं. मासळीचा वास आला की गाडीची काच वर होते. आज मी तुम्हाला ती काच खाली करायला सांगणार आहे.

बडोद्याला समुद्र नाही, पण बडोदे संस्थानाला होता. ओखामंडळ गायकवाडांच्या राज्यात होतं आणि ओख्याचं बंदर सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९२६ मध्ये उभं राहिलं. महाराजांच्या शाळा आणि ग्रंथालयं आपण अभिमानाने सांगतो, या बंदराचं नाव मात्र कोणी काढत नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

मुंबईहून येणारी सौराष्ट्र मेल रात्री बडोद्याहून पुढे जाते आणि ओख्याला थांबते. त्यापुढे रूळच नाहीत. उतरलात की मुक्काम करा, आणि सकाळी उजाडायच्या सुमारास मासेमारीच्या धक्क्यावर जा. हद्दीजवळचं बंदर आहे, म्हणून ओळखपत्र जवळ ठेवा आणि फोटो काढण्याआधी विचारा.

मागच्या थंडीत मी तिथे दोन तास उभी होते. बोटींच्या पोटातून क्रेट वर येत होते. चुरलेल्या बर्फात पापलेट, कोळंबी, माकूळ आणि पट्ट्यासारखी लांब, चंदेरी वाकटी. आपल्याकडे कोळी बोटीच्या प्रमुखाला तांडेल म्हणतात, त्याला इथेही टंडेलच म्हणतात. परक्या बंदरावर तो शब्द कानावर पडला आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

धक्क्याच्या कडेला एक वयस्कर काका जाळं दुरुस्त करत बसले होते. जाळ्याचा एक काठ पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणलेला, हातात दोरा गुंडाळलेली प्लास्टिकची चपटी सुई. एक घर, एक गाठ, मग पुढचं घर. मापाला पट्टी नाही, बोटंच माप. मी शेजारी बसले तेव्हा ताटाएवढं भोक होतं. उठले तेव्हा ते कुठे होतं हे मला शोधून सापडेना. काकांचा पुतण्या बोटीवर गेलेला होता. पाण्यावर हद्दीची रेघ दिसत नाही, आणि मासळीच्या मागे जाता जाता पलीकडे गेलेली बोट पकडली जाते. खलाशी महिनोन्‌महिने पाकिस्तानच्या तुरुंगात राहतात. काका हे सांगत होते, पण हात थांबला नाही. पापलेटच्या भावावरून घासाघीस करताना मला आता ते हात आठवतात.

बेटावर पूर्वी बोटीनेच जावं लागायचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुदर्शन सेतू सुरू झाला, साधारण सव्वादोन किलोमीटरचा. म्हाताऱ्या माणसांची मोठीच सोय झाली. पण पाय धड असतील आणि बोट चालू असेल, तर एका बाजूने तरी बोटीने जा. थंडीत परदेशातून आलेले कुरव पक्षी बोटीभोवती घिरट्या घालतात. लोक त्यांना गाठिया टाकतात. कृपा करून तुम्ही टाकू नका, ते पक्ष्याचं खाणं नव्हे.

बेटाचं जुनं नाव शंखोद्धार. इथल्या उत्खननात शंखाची एक मुद्रा सापडली, तिच्यावर तीन डोक्यांचा प्राणी कोरलेला आहे, आणि ती हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळातली मानतात. मंदिरात दर्शन झाल्यावर हनुमान दांडीपर्यंत जा. तिथे मारुतीबरोबर त्याचा मुलगा मकरध्वज आहे, आणि वाटेत किनारा बराच शांत आहे.

पोहायचं, वाळूत बसायचं तर द्वारकेच्या रस्त्यावरचं शिवराजपूर. मिठापूर गाडीतूनच पाहिलं तरी चालेल, मिठाचे पांढरे ढीग लांबून दिसतात.

ओख्यात मासे खायला मिळतीलच अशा भरवशावर मात्र जाऊ नका. तीर्थक्षेत्राचा परिसर आहे, बहुतेक खानावळी शाकाहारी. बाजरीचा रोटला, लसणाची चटणी आणि ताक मागा, पोट भरेल.

आणि जून-जुलैत जाऊ नका. तेव्हा मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्याला लागलेल्या असतात. दिवाळीनंतर जा. मुलांना घेऊन जा, आणि धक्क्यावर जाळं विणणारं कोणी दिसलं, तर त्यांना थोडा वेळ तिथे बसू द्या.