आपली द्राक्षं आत्ता कुठल्या समुद्रात आहेत?

मंडळी, मोबाइलवर समुद्राच्या नकाशात जी रंगीत टिंबं सरकताना दिसतात ना, एकेक टिंब म्हणजे एकेक जहाज, ती मुळात आपल्यासाठी बनवलेलीच नाहीत. त्या सिस्टिमला एआयएस म्हणतात आणि ती आली जहाजांनी एकमेकांवर आदळू नये म्हणून. आंतरराष्ट्रीय मार्गावरच्या ३०० ग्रॉस टनेज (जहाजाच्या आकारमानाचं माप) आणि त्याच्या वरच्या जहाजांना २००४ संपायच्या आत ती बसवणं बंधनकारक झालं. जहाज रेडिओवर सारखं सांगत राहतं, मी अमुक, आत्ता इथे, एवढा वेग, या दिशेला. मग किनाऱ्यावर लोकांनी अँटेना लावून ते ऐकायला आणि नेटवर टाकायला सुरुवात केली, मरीनट्रॅफिक ही नकाशाची साइट २००७ साली ग्रीसमधल्या एका युनिव्हर्सिटीच्या प्रोजेक्टमधूनच उभी राहिली.

आता पिंपळगाव, निफाड, दिंडोरीतल्या माणसाला याचं काय? तर पॅकहाउसमधून द्राक्षांचा रीफर, म्हणजे थंड ठेवणारा, कंटेनर निघाला, कसारा घाट उतरून न्हावाशेवा बंदराला गेला, की बहुतेक बागायतदारांच्या हातात फोन सोडून काही उरत नाही, भाऊ माल पोचला का, एवढंच विचारायचं. वर्षभर छाटण्या, फवारण्या, थिनिंग करून आणलेला माल आहे तो, तो कुठे आहे हे कळणं हा आपला हक्क आहे असं मला मनापासून वाटतं.

पण बघायचं कसं ते नीट समजून घ्या. त्या टिंबावर क्लिक केलं की जी माहिती येते तिच्यात दोन जाती आहेत. जागा, वेग, दिशा ही जहाजावरची यंत्रं आपोआप पाठवतात, चालत्या जहाजाकडून दर २ ते १० सेकंदांनी आणि नांगर टाकून उभं असेल तर दर ३ मिनिटांनी. आणि कुठल्या बंदराला चाललंय, कधी पोचणार, हे जहाजावरचा कोणीतरी ऑफिसर हाताने टाइप करतो! ते बदलायचं राहून गेलं तर जहाज रॉटरडॅम सोडून परत निघालं तरी स्क्रीनवर रॉटरडॅमच दिसणार. म्हणून पोचायची तारीख वाचून खरेदीदाराशी बोलायला बसू नका, आधी जागा आणि वेग बघा आणि हिशेब स्वतः मांडा.

हिशेब अवघड नाही. १ नॉट म्हणजे तासाला १ सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. जहाज १६ नॉटने चाललं तर दिवसाला ३८४ सागरी मैल कापतं. मुंबईहून रॉटरडॅम सुएझमार्गे साधारण ६,३०० मैल पडतं आणि आफ्रिकेला वळसा घालून साडेदहा हजारांच्या वर, म्हणजे ११ दिवस तरी जास्त लागतात. २०२३ च्या अखेरीला तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले आणि जहाजं केप ऑफ गुड होपकडे वळली, तेव्हा शेल्फ लाइफमधले, म्हणजे माल टिकण्याच्या मुदतीतले, नेमके हेच दिवस गेले. आपलं जहाज एडनच्या आखाताकडे न जाता दक्षिणेला चाललंय हे नकाशावर लवकर दिसतं, फॉरवर्डरच्या, म्हणजे माल पाठवायची व्यवस्था बघणाऱ्या एजंटच्या, मेलची वाट बघावी लागत नाही, आणि आपला माल पोचणार त्या आठवड्यात तिकडे अजून कुठली जहाजं लागणार तेही बघता येतं, कारण दोन-तीन जहाजांचा माल एकदम उतरला की रेट पडतो.

दुसरं, टिंबाचं वय बघा. शेवटचा सिग्नल किती वेळापूर्वीचा ते तिथे लिहिलेलं असतं. किनाऱ्यावरच्या अँटेनाला साधारण ४० सागरी मैलांपर्यंतचंच ऐकू येतं, त्यापुढे भर समुद्रात सॅटेलाइट लागतं आणि ती सोय बऱ्याच साइटवर पैसे भरल्यावर मिळते. तेव्हा अरबी समुद्रात टिंब गायब झालं तर घाबरू नका, जहाज आहे, ऐकणारं कोणी नाहीये. आणि युद्धाच्या भागात जीपीएसच बिघडवतात, २०१७ मध्ये काळ्या समुद्रातली जहाजं चक्क विमानतळावर दिसत होती, त्यामुळे जहाज जमिनीवर दिसलं तर तेही समजून घ्या.

मघाशी एका दादाने विचारलं, नाशकात अँटेना लावली तर? शहरात नाही जमणार, मध्ये सह्याद्री उभा आहे, ज्या व्हीएचएफ रेडिओ लहरींवर हे सिग्नल येतात त्या साधारण सरळ रेषेत जातात. पण कळसूबाईच्या १,६४६ मीटरवरून रेडिओचं क्षितिज दीडशे किलोमीटरच्या पुढे जातं, तिथून समुद्रावरचं ऐकू यायला हिशेबाने हरकत नाही, कॉलेजच्या पोरांनी करून बघावं असं मला फार वाटतं.

फॉरवर्डरकडून जहाजाचं नाव तर घ्याच, पण ७ आकडी आयएमओ नंबर, म्हणजे जहाजाचा आंतरराष्ट्रीय ओळख नंबर, मागून घ्या, कारण नाव बदलतं, एकाच नावाची चार जहाजं असतात, आयएमओ नंबर मात्र जहाज भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. आणि कंटेनर मध्ये कोलंबो किंवा ओमानमधल्या सलालाहला दुसऱ्या जहाजावर चढणार आहे का ते विचारा, नाहीतर तुम्ही पहिल्याच जहाजाच्या मागे लागाल आणि माल भलत्याच जहाजातून पुढे गेलेला असेल. तसं असेल तर दोन्ही जहाजांचे नंबर लिहून घ्या आणि कंटेनर नंबर शिपिंग लाइनच्या साइटवर टाकून ताळा करा. आतलं तापमान मात्र या नकाशात कधीच दिसणार नाही, त्यासाठी पेट्यांमध्ये डेटा लॉगर, म्हणजे तापमान नोंदवत राहणारं छोटं यंत्र, टाकावा लागतो, आणि तो कंटेनर बंद व्हायच्या आधी पॅकहाउसमध्येच.